घरच्या सुतारकामासाठी ह्युमिडिफायर निवडताना

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्यांसाठी अलीकडे जो लेख आला, त्यात उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून खोलीच्या क्षेत्रफळाला साजेसा एखादा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, घ्यावा, असा सल्ला एका वाक्यात दिला होता. कोरड्या हवेची काळजी घ्यायला हवी, याबद्दल दुमत नाही. नागपुरात राहून हौसेने लाकूडकाम करणाऱ्या माझ्यासारख्याला तर ती काळजी होळीपासून मृगापर्यंत सोडत नाही. मात्र बाजारात ह्युमिडिफायर म्हणून जे यंत्र आपल्यासमोर ठेवले जाते आणि त्याच्या खोक्यावर ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ असा जो आकडा छापलेला असतो, ती दोन्ही बहुतांशी थंड देशांतल्या हिवाळ्याच्या हिशोबाची असतात. आपला कोरडेपणा भर उन्हाळ्यातला, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांतला आहे, आणि एवढ्या एका फरकाने यंत्राचा प्रकार, त्याची क्षमता आणि त्यात घालायचे पाणी या तिन्ही गोष्टींचा निर्णय बदलतो. म्हणून हे पत्र. ते जरा लांबले आहे, त्याबद्दल आधीच दिलगिरी.

प्रथम लाकडाचे गणित पाहू. वाळवलेले लाकूडसुद्धा हवेतला ओलावा सतत घेत-सोडत असते आणि भोवतालच्या सापेक्ष आर्द्रतेनुसार (त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के तिच्यात आहे, त्यानुसार) एका ठरावीक ओलाव्यावर येऊन थांबते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्क्यांवर स्थिरावतो. ५० टक्के असेल तर सुमारे ९ वर आणि ८० टक्के असेल तर सुमारे १६ वर. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, पहाटे तापमान खाली आल्यावर ती त्याच्या दुपटीच्या आसपास जाते आणि दिवसभराची सरासरी तिशीच्या घरात राहते. जुलै-ऑगस्टमध्ये हीच सरासरी ८० टक्क्यांना भिडते. म्हणजे उघड्यावर रचून ठेवलेल्या फळीला अवघ्या दोन-अडीच महिन्यांत ६ वरून १६ कडे प्रवास करावा लागतो. साग हे तर कमीत कमी हलणारे लाकूड म्हणून नावाजलेले. तरीही वार्षिक वलये रुंदीला समांतर येतील अशी चिरलेली ३०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकाने साडेपाच मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. वलये उभी येतील अशी चिरली असेल, तर हा फरक साधारण निम्म्यावर येतो. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही, आणि आडव्या-उभ्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या की भांडण सुरू होते ते याच कारणाने.

प्रत्यक्षात जाड फळी पूर्ण ६ किंवा पूर्ण १६ गाठत नाही, कारण ओलावा आतपर्यंत पोहोचायला आठवडे लागतात आणि तोवर ऋतू पालटलेला असतो. पण फळीची टोके मधल्या भागाच्या मानाने फार लवकर सुकतात. मधला भाग अजून फुगलेला असताना टोक आकसू लागले की टोकाला चीर पडते. लकडगंजाच्या लाकूडबाजारातून एप्रिलमध्ये आणलेल्या फळीला पंधरवड्यात टोकाशी केसाएवढ्या तडा दिसू लागतात, तेव्हा दुकानदाराने ओले लाकूड गळ्यात मारले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते, पण पुष्कळदा दोष निव्वळ हवेचा असतो.

भारतीय मानक २८७ मध्ये लाकडाचा कोणत्या कामासाठी किती ओलावा चालेल, हे ठरवताना देशाचे सरासरी वार्षिक सापेक्ष आर्द्रतेनुसार चार विभाग केले आहेत. पहिल्यात ही सरासरी ४० टक्क्यांच्या खाली आहे, चौथ्यात ६७ च्या वर. इमारतीच्या लाकडासाठी ही वाटणी उत्तम आहे. पण वार्षिक सरासरीत मे आणि ऑगस्ट एकमेकांना खोडून काढतात, आणि विदर्भातल्या हौशी सुताराची सगळी कटकट नेमकी त्या दोन महिन्यांतल्या दरीत असते.

मग खोलीत आर्द्रता किती ठेवावी? परदेशी पुस्तकांत ४५ ते ५० टक्के हा आकडा सर्रास आढळतो, विशेषतः गिटार-व्हायोलिन घडवणाऱ्यांच्या संदर्भात. माझे मत असे की, आपल्याकडच्या टेबल-कपाटांसाठी उन्हाळ्यात ४० ते ४५ टक्के पुरेसे आहे आणि त्यावर जाण्याचा हट्ट धरू नये. एक तर तिशीवरून पन्नाशीला जाण्यात पाण्याचा आणि विजेचा खर्च फार वाढतो. दुसरे, खोलीतली आर्द्रता ६० च्या पुढे रेंगाळू लागली की पटाश्या, रंध्याची पाती आणि करवत-यंत्राचे ओतीव लोखंडाचे टेबल यांच्यावर गंज वेगाने चढतो. आणि तिसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की, वस्तू शेवटी जिथे नांदणार तिथल्या हवेशी तिची सोयरीक जुळायला हवी. नागपूरच्याच दिवाणखान्यात राहणाऱ्या टेबलाला दरवर्षी कोरडा मे आणि दमट ऑगस्ट सोसायचाच आहे. त्याचा जन्म या दोन टोकांच्या मध्ये, सुमारे ८ टक्के ओलाव्यावर झाला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सगळा प्रवास त्याला करावा लागत नाही. तेच टेबल मुंबईला किंवा रत्नागिरीला जाणार असेल, तर मे महिन्यात घट्ट बसवलेला खण तिथे पहिल्या पावसातच अडकून बसेल, मग कारखान्यात कितीही महागडे यंत्र लावलेले असो.

यंत्र विकत घेण्याआधी आर्द्रतामापक घ्यावा आणि निदान पंधरा दिवस नुसते आकडे पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर पाच टक्के इकडे-तिकडे दाखवतो, क्वचित त्याहूनही जास्त. पण त्याची चूक घरीच काढता येते. बाटलीच्या प्लास्टिकच्या टोपणात चमचाभर साधे मीठ घ्यावे, त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे, मात्र मिठावर पाणी तरंगू देऊ नये. हे टोपण आणि हायग्रोमीटर एका मोठ्या, घट्ट बंद होणाऱ्या झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवावे. मीठ उपकरणाला लागू देऊ नये. पिशवी सावलीत, जिथे तापमान फारसे बदलत नाही अशा जागी, रात्रभर राहू द्यावी. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा आपल्या घरातल्या कोणत्याही तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. सकाळी उपकरण ७० दाखवत असेल, तर ते पाचने कमी सांगते हे कळले; तेवढी चिठ्ठी त्याच्या पाठीवर चिकटवून टाकावी. हे न करता ह्युमिडिफायर घेणे म्हणजे ताप न मोजता औषध घेणे आहे.

मापक खिडकीत किंवा कूलरच्या झोतात न ठेवता लाकडाच्या फडताळाच्या उंचीवर ठेवावा. पहाटेचा, दुपारचा आणि रात्रीचा असे तीन आकडे टिपले तर सरासरी कळते, आणि लाकूड त्या सरासरीलाच दाद देते. दुपारी दोन वाजता २२ आकडा पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन-चार तासांचा कोरडेपणा फळीच्या पृष्ठभागाखाली फारसा उतरत नाही. रोजची सरासरी ३५ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहत असेल, तरच यंत्राचा विचार करावा.

आता क्षमतेचा प्रश्न. दहा फूट बाय बारा फूट, उंची दहा फूट, अशी खोली धरू. तिच्यात ३४ घनमीटर हवा मावते. ४० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ५१ ग्रॅम बाष्प धरू शकते. आर्द्रता २० वरून ४५ टक्क्यांवर न्यायची, तर दर घनमीटरला जवळपास १३ ग्रॅम आणि सगळ्या खोलीला सुमारे ४३० ग्रॅम पाणी लागते. पण हवा खोलीत बसून राहत नाही. दारे-खिडक्या लावलेल्या असल्या, तरी आपल्या घरांत फटींतून तासाभरात सगळी हवा एकदा सहज बदलते, जुन्या घरात त्याहून जास्त वेळा. म्हणजे ताशी ४३० मिलिलिटर, दिवसाला दहा लिटर, आणि खिडक्या सैल असतील तर वीस. शयनगृहासाठी म्हणून विकले जाणारे तीन-चार लिटर टाकीचे छोटे यंत्र ताशी २५०-३०० मिलिलिटर पाणी हवेत सोडते. तेव्हा खोक्यावर दीडशे चौरस फूट लिहिलेले असूनही एकशे वीस चौरस फुटांच्या आपल्या खोलीत ते अपुरे का पडते, याचे उत्तर इथेच मिळते.

थंड देशांत हे गणित वेगळे असते. शून्य अंशाची बाहेरची हवा संपृक्त असली, तरी तिच्यात घनमीटरला पाचच ग्रॅम बाष्प असते. हीटरने ती २१ अंशांवर आणली की आर्द्रता पंचविशीवर येते. पण २१ अंशांच्या हवेला ४५ टक्क्यांवर न्यायला घनमीटरला साडेतीन ग्रॅमच जास्त पाणी लागते आणि तिथली घरे थंडीसाठी घट्ट मिटलेली असतात. आपल्या मे महिन्यात त्याच आकाराच्या खोलीला तिप्पट-चौपट पाणी लागते. म्हणून ग्राहकाने दुकानात चौरस फूट विचारू नयेत; ताशी किती मिलिलिटर, एवढेच विचारावे आणि वर काढलेला आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची हवा एक थेंबही पाणी न घालता नुसती ३२ अंशांवर आणली, तर तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ३३-३४ टक्के होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सुतारकाम करणाऱ्यांनी ह्युमिडिफायरवर पैसे घालण्याआधी छताला पांढरा चुना मारावा, पत्र्याखाली आच्छादन बसवावे, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा निदान चटई लावावी. लाकूड ठेवण्यासाठी तर घरातली सर्वांत आतली, उत्तरेकडची खोली निवडावी. तिथे अर्धे काम फुकटात होते.

आता यंत्रांचे प्रकार. बाजारात सर्वाधिक दिसतात ते अल्ट्रासॉनिक. पाण्याखालची छोटी चकती सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे धुके करून वर फेकते. दिसायला सुंदर, आवाज जवळजवळ नाही, वीज नगण्य. सुतारकामाच्या खोलीसाठी मात्र मी हा प्रकार बाद ठरवतो. याचे कारण असे की, ते पाण्याची वाफ करत नाही, तर पाणी त्यातल्या क्षारांसकट हवेत उडवते. धुक्यातले पाणी हवेत विरते आणि क्षारांची बारीक पांढरी भुकटी मागे उरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या एकूण क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मानकात बसणाऱ्या पाण्याचे दहा लिटर रोज उडवले, तरी दिवसाला पाच ग्रॅम आणि दोन महिन्यांत ३०० ग्रॅम क्षार आपण खोलीभर पसरतो; बोअरचे पाणी वापरले तर विचारायलाच नको. चकचकीत घासलेल्या पात्यावर ही भुकटी पिठासारखी बसते, तिच्यातले क्लोराइड गंजाला आमंत्रण देते, आणि नुकत्याच लावलेल्या पॉलिशवर ती पडली की पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो. शुद्ध केलेले पाणी वापरा, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. पण रोजच्या दहा-वीस लिटरांसाठी आरओचे पाणी वापरायचे, तर त्याच्याइतके किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडावे लागते. उन्हाळ्यात, टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत, हे मनाला पटणारे नाही.

वाफेच्या ह्युमिडिफायरबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तो क्षार उडवत नाही, पण एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि ती सगळी उष्णता खोलीत येते. मे महिन्यात नागपुरात खोलीत किटली उकळत ठेवण्याची कोणाला हौस असेल, असे वाटत नाही.

उरतो तो बाष्पीभवनाचा प्रकार, म्हणजे ओल्या जाळीतून किंवा पॅडमधून पंख्याने हवा खेचणारे यंत्र. क्षार पॅडवरच राहतात. पॅड मळते, कडक होते, बदलावे लागते, पण खोली स्वच्छ राहते. हवा दमट होऊ लागली की बाष्पीभवन आपोआप मंदावते, त्यामुळे अल्ट्रासॉनिकप्रमाणे भिंतीवरून पाणी ओघळेपर्यंत ते चालत नाही. शिवाय पाणी उडताना उष्णता हवेतूनच घेते, म्हणजे खोली थोडी थंडही होते. आणि हे यंत्र विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात जवळजवळ प्रत्येक घरात आहेच. आपण त्याला कूलर म्हणतो.

कूलर नेहमीसारखा खिडकीत लावला, तर तो बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो आणि खोलीतली हवा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जाते. माणसासाठी ते योग्य आहे, लाकडासाठी नाही. कारण कूलर चालू असेपर्यंत आर्द्रता साठ-सत्तरच्या घरात आणि बंद केल्यावर तासाभरात पुन्हा पंचविशीत, असे हेलकावे सुरू होतात. सुतारकामासाठी लहान, वीस-तीस लिटर टाकीचा घरगुती कूलर खोलीच्या आतच ठेवावा, खिडक्या लावून घ्याव्यात आणि पंखा सर्वांत कमी वेगावर चालवावा. बंद खोलीत त्याला रोखले नाही, तर आर्द्रता नको तितकी चढते. म्हणून त्याचा प्लग थेट भिंतीत न लावता ह्युमिडिस्टॅटमध्ये लावावा. हा छोटा नियंत्रक ठरवलेल्या आर्द्रतेला वीज तोडतो आणि ती चार-पाच टक्क्यांनी खाली आली की पुन्हा जोडतो. ४५ ला बंद, ४० ला चालू, एवढे ठरवून दिले की काम भागते. नियंत्रकाचा संवेदक कूलरपासून दूर, लाकडाजवळ टांगावा. झोत फळ्यांवर येऊ देऊ नये. एकाच बाजूने ओलावा मिळालेली फळी त्या बाजूला फुगते आणि तिला बाक येतो.

पहिले तीन-चार दिवस आकडा फारसा हलला नाही, तरी यंत्राला नावे ठेवू नयेत. खोलीतले लाकूड, भुसा, भिंतींचा गिलावा, पुठ्ठे, हे सगळे महिनाभर सुकलेले असते आणि आधी ते स्वतःची तहान भागवतात.

खरी गाठ पडते ती भुशाशी. रंधा-करवतीचा बारीक भुसा ओल्या पॅडवर बसला की दोन-चार दिवसांत आंबूस वास येऊ लागतो आणि पुढे बुरशी. त्यासाठी मशीन चालू असताना ह्युमिडिफायर किंवा कूलर बंद ठेवावा, हवा खेचण्याच्या बाजूला धुता येईल अशी बारीक जाळी लावावी, आणि काम संपून धूळ बसल्यावर यंत्र सुरू करावे. भुसा बाहेर फेकणारा डस्ट कलेक्टर किंवा एक्झॉस्ट पंखा चालू असताना तर ह्युमिडिफायर चालवण्यात अर्थच नाही. ताशी पाचशे घनमीटर हवा खेचणारा साधा कलेक्टर आपल्या त्या ३४ घनमीटरच्या खोलीची हवा तासाला पंधरा वेळा बदलतो आणि त्याच्याशी बरोबरी करायची तर ताशी सहा-साडेसहा लिटर पाणी लागेल. ओलाव्यापायी धूळ काढणे बंद करावे, असे मात्र कोणीही समजू नये. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेली आहे. दमट हवेत धूळ बसते, मग मास्क कशाला, असा एक समज हौशी मंडळींत ऐकू येतो; नाकात शिरणारी बारीक धूळ ४५ टक्के आर्द्रतेने खाली बसत नाही.

टाकीच्या स्वच्छतेबद्दल विदर्भात वेगळे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि कूलर ही त्याची आवडती जागा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. पाणी आणि विजेची अवजारे एकाच खोलीत नांदत असल्याने विजेच्या मंडलाला (सर्किटला) गळती-रक्षक आरसीसीबी असलाच पाहिजे आणि कूलरच्या पत्र्याला अर्थिंग असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी. पॉलिशच्या दिवशी यंत्र बंद ठेवावे. दमट हवेत स्पिरिटमधले चपड्याचे पॉलिश धुरकट पांढरे पडते. उलट फेव्हिकॉल लावताना थोडी दमट हवा बरी, कारण कोरड्या उन्हाळी हवेत मोठ्या सांध्यावर डिंक पसरून होईपर्यंत पहिल्या टोकावर साय धरलेली असते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप परवडतो कोणाला? प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच वाचकांसाठी उत्तर ‘यंत्र घेऊच नका’ हे आहे. ज्यांचे सुतारकाम बाल्कनीत, गाडीच्या शेडमध्ये किंवा अंगणात चालते, त्यांनी तिथे ओलावा सोडणे म्हणजे मोहल्ल्याची हवा दमट करण्यासारखे आहे. त्यांनी खोली सोडून लाकडाकडे लक्ष द्यावे. फळ्यांच्या टोकांना आणल्या दिवशी मेण, जुना ऑइल पेंट किंवा घट्ट डिंक यांचा जाड थर द्यावा. चालू कामाचे तुकडे दिवसाचे काम संपल्यावर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. पटाशीने नेमका साधलेला सांधा रात्रीतून सैल झाला, ही तक्रार यानेच मिटते. रुंद फळी चौकटीत बसवायची असेल, तर तिला डिंक न लावता खाचेत मोकळी सोडावी आणि उन्हाळ्यात काम करत असाल तर खाचेत फुगायला जागा ठेवावी, पावसाळ्यात करत असाल तर फळी आकसली तरी खाचेतून निसटू नये इतके जास्तीचे लाकूड खाचेत ठेवावे. टेबलाचा वरचा भाग खालच्या चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने जोडावा. आपले जुने सुतार दाराच्या फळ्या चौकटीत सैल बसवत, त्यांच्याकडे हायग्रोमीटर नव्हता, पण नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) आणि श्रावणात तेच दार कसे वागते, हे त्यांनी पाहिलेले होते.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांनी तर हा विषय डोक्यातून काढून टाकावा. समुद्रकाठी आर्द्रता उन्हाळ्यातही साठ-सत्तरच्या घरात असते. तिथे गरज लागली तर उलट्या यंत्राची, ओलावा शोषणाऱ्या डीह्युमिडिफायरची लागते, तीही पावसाळ्यात. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा बरीच कोरडी होते, पण रात्री ती सावरते. टोकांना मेण आणि प्लास्टिकची गुंडाळी यावर तिथे निभावते.

खऱ्या अर्थाने ह्युमिडिफायरची गरज ज्यांना आहे, असा एक मराठी वर्ग मात्र बाहेर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तुणीचे लाकूड आणि भोपळा यांची ही वाद्ये अमेरिकेतल्या, कॅनडातल्या मराठी घरांत पोहोचतात आणि हीटर लावलेल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या सांध्यांना, पोटाच्या फळीला भेगा पडण्याचा धोका असतो. तिथे खोली घट्ट बंद आहे, तापमान विशीत आहे, पाणी थोडे लागते. म्हणजे खोक्यावरचे चौरस फूट तिथे बरेच खरे ठरतात. तिथेही बाष्पीभवनाचाच प्रकार निवडावा, क्षारांची भुकटी वाद्याच्या तारांना आणि घोडीला पात्यापेक्षा जास्त त्रास देते. थंड खिडकीच्या काचेवर पाणी जमू लागले, तर आर्द्रता चाळीसच्या खाली आणावी. भिंतीतल्या बुरशीची किंमत वाद्याच्या दुरुस्तीहून मोठी असते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. घरगुती उपकरणांची तुलना करणारी पाने आपल्या वृत्तपत्रात नियमित येतात. ह्युमिडिफायरची पाळी येईल, तेव्हा क्षेत्रफळाच्या रकान्याऐवजी ताशी मिलिलिटर, ते कोणत्या तापमानाला व आर्द्रतेला मोजले आणि पॅड किंवा पाणी शोषणारी वात स्थानिक बाजारात सुटी मिळते की नाही, हे तीन रकाने द्यावेत. पहिले दोन आकडे उत्पादक सांगत नसतील, तर तिथे ‘सांगितले नाही’ असे छापावे. सुट्या पॅडची चौकशी मीही नागपुरात केली आहे; बऱ्याच दुकानांत यंत्र आहे, पण त्याची वात नाही, आणि कूलरचे पॅड मात्र कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मार्चपासून थप्पीने लागलेले असतात.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर